दोन इलेक्ट्रॉनांची तूट

कॅरमचा डाव मांडताना बोर्डावर आधी चिमूटभर बोरिक पावडर भुरभुरायची, मग सोंगट्या लावायच्या. सोनार डाग देण्याआधी सांध्यावर टाकणखार लावतो. या दोन्ही पांढऱ्या पदार्थांत बोरॉन हे मूलद्रव्य आहे आणि दोन्हींत ते ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं आहे. निसर्गात बोरॉन सापडतो तो असाच. समुद्राच्या पाण्यात, आटलेल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी, लडाखच्या पुगा खोऱ्यातल्या गरम झऱ्यांजवळ, सगळीकडे त्याची सोबत ऑक्सिजनशीच असते. ऑक्सिजनऐवजी हायड्रोजनशी जोडलेला बोरॉन पृथ्वीवर आपणहून कुठेच तयार होत नाही. तो प्रयोगशाळेत घडवावा लागतो आणि घडवल्यावर डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो. हवेची किंवा पाण्याची वाट मिळाली की तो पुन्हा ऑक्सिजनकडे धावतो, आणि शेवटी कॅरमच्या डब्यातलं तेच बोरिक आम्ल उरतं.

रसायनशास्त्र शिकलेल्या अनेकांनी ही ओढ कॉलेजात पाहिलेली असते. परीक्षानळीत बोरेट क्षार घ्यायचा, त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि थोडं अल्कोहोल घालायचं, गरम करून बाहेर येणारी वाफ पेटवायची. ज्योतीची कड हिरवीगार होते. क्षणभरात विझणारी ती हिरवी कड म्हणजे बोरॉनची सही. हायड्रोजनशी जोडलेला बोरॉन जळतो तेव्हाही ज्योतीचा रंग हाच असतो.

अशी संयुगं असावीत याची कुणकुण एकोणिसाव्या शतकातच लागली होती. मॅग्नेशियम आणि बोरॉन एकत्र तापवून तयार केलेल्या मॅग्नेशियम बोराइडवर आम्ल ओतलं की घाण वास मारणारा वायू निघे आणि तो हिरव्या ज्योतीने जळे. 1881 मध्ये जोन्स आणि टेलर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी तो वायू गोळा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम रॅमसे आणि हॅटफिल्ड यांनीही प्रयत्न केले. पण वायू शुद्ध मिळेना आणि सूत्र ठरेना. बहुतेक सगळा भाग हायड्रोजनचाच, त्यात बोरॉनच्या वायूंचा अंश किरकोळ. हवा शिरली की जे काही पदरात पडलं असेल तेही जळून जाई.

1909 मध्ये हे काम आल्फ्रेड स्टॉक यांनी हाती घेतलं. 1876 साली डान्झिगला जन्मलेले स्टॉक बर्लिनमध्ये एमिल फिशर यांच्या हाताखाली शिकले, पॅरिसला आंरी म्वासाँ यांच्याकडे काही काळ राहिले आणि आता ब्रेस्लाउच्या तांत्रिक विद्यापीठात अकार्बनी रसायनाच्या संस्थेचे प्रमुख झाले होते. ते शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ आहे. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचा पसारा एव्हाना प्रचंड झाला होता. आवर्तसारणीत कार्बनच्या डाव्या हाताला बसलेल्या बोरॉनचा असा काही गोतावळा असेल का, हा स्टॉक यांचा प्रश्न होता.

हवेला मज्जाव करायचा तर प्रयोग हवेबाहेरच व्हायला हवा. म्हणून स्टॉक यांनी काचेचं एक बंद घर उभं केलं. नळ्या एकमेकींना वितळवून जोडलेल्या, आतली हवा पंपाने काढून टाकलेली, आणि पदार्थ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल तो या नळ्यांच्या आतूनच. अडचण होती तोट्यांची. काचेच्या तोटीला ग्रीज लावल्याशिवाय ती फिरत नाही आणि हवाबंदही राहत नाही, पण बोरॉनचे हे वायू ग्रीजवरच तुटून पडत. स्टॉक यांनी तोट्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी पारा आणला. पारा वर चढवला की काचेचा छोटा तरंगता तुकडा वाट बंद करी, खाली उतरवला की वाट मोकळी. पंपात पारा, दाबमापकात पारा, झडपांत पारा. वायू वेगळे करायला द्रवरूप हवेची कडाक्याची थंडी होती. सगळं मिश्रण गोठवायचं, मग तापमान हळूहळू वाढू द्यायचं, आणि जो वायू ज्या अंशाला उडेल तो तिथेच पकडायचा.

1912 पासून त्यांचे शोधनिबंध येऊ लागले. चार बोरॉनचा एक वायू मिळाला. तो तापवल्यावर त्यातून दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजनचा डायबोरेन निघाला, जो उणे 92 अंशांच्या आसपास उकळतो. पाच बोरॉनचा द्रव, सहा बोरॉनचा द्रव, आणि दहा बोरॉनचे पांढरे स्फटिक जे साधारण 100 अंशांना वितळतात. काही हवेत येताच पेट घेत, काही पाण्याला स्पर्श होताच फसफसत. या कुळाला ‘बोरेन’ हे नाव स्टॉक यांनीच दिलं. एकेका संयुगाचे जेमतेम काही घनसेंटिमीटर हाताशी असताना त्याची घनता, वाफेचा दाब, वितळणबिंदू आणि पाण्याशी होणारी क्रिया एवढं सगळं अचूक मोजायचं, ही चिकाटीची हद्द होती. त्यांनी ठरवलेली सूत्रं आज शंभर वर्षांनंतरही पाठ्यपुस्तकांत टिकून आहेत.

या अचूकतेची किंमत त्यांच्याच शरीरातून वसूल होत होती.

डोकं सतत दुखू लागलं. चक्कर येई, नाक वाहत राही, ऐकू कमी येई. मग स्मरणशक्ती गेली. फोनच्या पुस्तकात नंबर बघायचा आणि फोनपर्यंत पोचेस्तोवर तो विसरायचा. नुकतंच वाचलेलं पुस्तक, नुकतंच पाहिलेलं नाटक मनातून पुसलं जाई. शाळेत पाठ केलेलं गेलं. आकडेमोड जमेना, बुद्धिबळ जमेना. आयुष्यभर आकड्यांशी खेळलेल्या माणसाच्या हातून आकडेच निसटू लागले. दुखणं वर्षानुवर्षं चाललं, डॉक्टर झाले, नाकाच्या शस्त्रक्रिया झाल्या, पण कारण हाती लागेना. एकाच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सहकाऱ्यांनाही तेच होत होतं. अखेर 1924 च्या सुमारास विषशास्त्रज्ञ लुई लेविन यांच्या मदतीने उलगडा झाला. जमिनीच्या फटींत सांडलेला, उघड्या भांड्यांत पडून असलेला पारा खोलीच्या उबेत अदृश्य वाफ होऊन वर्षानुवर्षं फुप्फुसांत जात होता.

स्टॉक यांनी हे लपवलं नाही. 1926 मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर त्यांनी एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. स्वतःच्या विस्मरणाची लाजिरवाणी वाटावी अशी एकेक गोष्ट त्यात त्यांनी लिहून ठेवली, दुसऱ्या कुणाला ओळखीची खूण पटावी म्हणून. मग तो विषय त्यांनी बोरॉनइतक्याच निष्ठेने धरला. अत्यल्प पारा मोजण्याची पद्धत बसवली. नमुन्यातला पारा एका सूक्ष्म थेंबात आणायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या थेंबाचा व्यास मोजायचा. हवा, अन्न आणि शरीर यांतला पारा त्यांनी असा तपासला. दातांत भरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या मिश्रधातूविरुद्ध आवाज उठवून वादही ओढवून घेतला. ज्या प्रयोगशाळांत पारा पाण्यासारखा वापरला जाई, तिथे खिडक्या उघडण्याची आणि जमिनी स्वच्छ ठेवण्याची सवय लागण्यात या आजारी माणसाचा मोठा वाटा आहे. बोरॉनच्या इतिहासातलं हे पान बोरॉनच्या शोधांपेक्षा जराही कमी मोलाचं नाही.

मधल्या काळात ब्रेस्लाउहून बर्लिनला आलेले स्टॉक त्याच 1926 मध्ये बर्लिन सोडून कार्ल्सरुहला गेले, आणि त्याच वर्षी एरिक पोलांट यांच्यासह त्यांनी आणखी एक संयुग जगापुढे ठेवलं. डायबोरेन आणि अमोनिया एकत्र तापवल्यावर एक रंगहीन द्रव मिळाला. तीन बोरॉन, तीन नायट्रोजन, सहा हायड्रोजन. बोरॉन आणि नायट्रोजन एकाआड एक बसलेलं षटकोनी कडं. पुढे एगॉन व्हिबेर्ग यांनी या बोराझिनला ‘अकार्बनी बेंझिन’ म्हटलं.

हे नाव पडण्यामागे साधं गणित आहे. बंध जोडायला बोरॉनकडे तीन इलेक्ट्रॉन असतात, नायट्रोजनकडे पाच. दोघांचे मिळून आठ, म्हणजे कार्बनच्या दोन अणूंइतकेच. नायट्रोजनजवळ एक जोडी मोकळी असते, बोरॉनजवळ एका जोडीची जागा रिकामी. नायट्रोजन आपली जोडी बोरॉनपुढे करतो आणि दोघांचं जमतं. म्हणून कार्बनच्या घरातली बरीच रूपं बोरॉन-नायट्रोजनच्या घरातही दिसतात. ग्राफाइटसारखे षटकोनी थर असलेलं बोरॉन नायट्राइड 1842 मध्ये बाल्मेन या इंग्रजाने तयार केलं होतं. हिऱ्यासारखी रचना असलेलं बोरॉन नायट्राइड 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी प्रचंड दाबाखाली घडवलं. तापलेल्या पोलादात हिऱ्यातला कार्बन विरघळून झिजतो. हे स्फटिक तिथे टिकून राहतात, म्हणून कठीण पोलाद कापणाऱ्या हत्यारांत ते वापरले जातात.

पण रूप सारखं म्हणून स्वभाव सारखा नसतो. नायट्रोजन इलेक्ट्रॉन देतो खरा, पण ते स्वतःकडे ओढूनही धरतो. कड्यातली ही ओढाताण कधी संपत नाही. बेंझिनला हायड्रोजन क्लोराइड दाखवलं तर ते ढिम्म हलत नाही. बोराझिन त्याचे तीन रेणू सहज सामावून घेतं, क्लोरिन बोरॉनवर आणि हायड्रोजन नायट्रोजनवर. ग्राफाइट काळं आणि वीजवाहक, तर बोरॉन नायट्राइड पांढरं आणि वीजरोधक. इथेन हा वायू, तर तेवढेच इलेक्ट्रॉन असलेला अमोनिया बोरेन हा घन पदार्थ, कारण त्याच्या एका टोकाचा हायड्रोजन किंचित धन आणि दुसऱ्या टोकाचा किंचित ऋण असतो आणि शेजारचे रेणू या टोकांनी एकमेकांना धरून ठेवतात.

नायट्रोजनने बोरॉनची तूट भरून काढली, हे समजण्यासारखं होतं. डायबोरेनचं काय, हा खरा पेच होता.

इथेनमध्ये दोन कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात. सात बंध, प्रत्येकाला दोन इलेक्ट्रॉन, एकूण चौदा. डायबोरेनमध्ये दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजन, म्हणजे आकार तसाच असायला हवा. पण बोरॉनचे सहा आणि हायड्रोजनचे सहा मिळून इलेक्ट्रॉन होतात बाराच. दोनांची तूट. प्रत्येक बंधाला इलेक्ट्रॉनांची एक जोडी लागते, हा 1916 पासून रसायनशास्त्राचा पाया होता. त्या हिशेबाने डायबोरेन असूच शकत नव्हता, आणि तो तर नळीत बंद होता. 1921 मध्येच डिल्टाय यांनी दोन हायड्रोजन मधोमध पुलासारखे असावेत असं सुचवलं होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. 1930 च्या दशकात इलेक्ट्रॉनांचा झोत वायूवर सोडून रचना ओळखण्याचं तंत्र आलं. त्यातून सायमन बाउअर यांनी काढलेला निष्कर्ष इथेनसारख्या रचनेच्या बाजूने पडला आणि लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गजाचं वजनही त्याच पारड्यात गेलं. शिकागोच्या श्लेसिंजर आणि वॉकर यांनी मात्र 1935 मध्ये एक निराळी खूण नोंदवली होती. डायबोरेनमधल्या हायड्रोजनच्या जागी मिथाइल गट बसवत गेलं तर चारच बसतात, पाचवा बसत नाही. सहांतले दोन हायड्रोजन निराळ्या जागी असल्याची ती साक्ष होती.

1943 मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजातला क्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्स हा विशीतला विद्यार्थी आपल्या शिक्षकासाठी बोरॉनच्या हायड्राइडांवर निबंध लिहीत होता. त्याने पुलाची कल्पना पुन्हा मांडली आणि ती नीट जुळवून दाखवली. दोन्ही बोरॉनना टोकाशी दोन दोन हायड्रोजन साध्या बंधांनी जोडलेले, त्यात आठ इलेक्ट्रॉन गेले. उरलेले चार इलेक्ट्रॉन दोन पुलांत वाटले. एक हायड्रोजन वरून, एक खालून, आणि प्रत्येक पुलात दोनच इलेक्ट्रॉन तीन अणूंना बांधतात, बोरॉन, हायड्रोजन आणि बोरॉन. एकाच दोरीचा फेरा तीन खुंटांना घालावा तसं. बारा इलेक्ट्रॉनांत सगळं बसलं. तूट डायबोरेनमध्ये नव्हतीच, ती बंधाच्या व्याख्येत होती. शिक्षक आर. पी. बेल यांच्यासह हा निबंध ब्रिटिश केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

पुढच्या काही वर्षांत पुरावे एकामागून एक येत गेले. 1947 च्या सुमारास डब्ल्यू. सी. प्राइस यांच्या अवरक्त वर्णपटात पुलातल्या हायड्रोजनची कंपनं दिसली. 1951 मध्ये कॅलिफोर्नियात हेडबर्ग आणि शोमेकर यांनी अंतरं मोजली. टोकाचा हायड्रोजन बोरॉनपासून सुमारे 1.19 अँगस्ट्रॉमवर, पुलातला सुमारे 1.33 वर. पुलाचा बंध लांब आणि सैल, दोन इलेक्ट्रॉनांत तिघांना धरायचं तर तसंच असणार. विल्यम लिप्सकॉम यांनी हा धागा मोठ्या बोरेनपर्यंत नेला. स्फटिक अतिथंड करून त्यांवर क्ष-किरण सोडत त्यांनी एकेका रेणूची रचना उलगडली. साखळ्या नव्हत्या, पिंजरे होते. 1976 चं नोबेल त्यांना मिळालं. लाँगेट-हिगिन्स यांनी 1955 मध्ये रॉबर्ट्स यांच्यासह गणिताने भाकीत केलेला बारा बोरॉनचा, वीस त्रिकोणी पृष्ठांचा ऋणभारित पिंजरा 1960 मध्ये हॉथॉर्न आणि पिटोचेली यांनी प्रत्यक्ष तयार केला.

रचनेचं कोडं सुटत होतं त्याच काळात या संयुगांना कामाला लावण्याची गोष्ट शिकागोत घडत होती.

स्टॉक यांनी 1932 मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात व्याख्यानं दिली आणि पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपात आली. 1936 मध्ये शिकागो विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या हर्बर्ट ब्राउन यांना त्यांची मैत्रीण सारा बेलन हिने तेच पुस्तक भेट दिलं. मंदीचे दिवस होते. ब्राउन यांचे वडील लवकर गेले होते आणि हर्बर्टने काही काळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळलं होतं. साराने ते पुस्तक निवडलं कारण विद्यापीठाच्या दुकानात रसायनशास्त्राचं सगळ्यात स्वस्त पुस्तक तेच होतं, 2 डॉलर 6 सेंट. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. पुस्तक वाचून ब्राउन श्लेसिंजर यांच्याकडे गेले. डायबोरेन त्या काळी जगात दोनच ठिकाणी मिळे, कार्ल्सरुहला स्टॉक यांच्याकडे आणि शिकागोत श्लेसिंजर यांच्याकडे, आणि तोही मिलिग्रॅमच्या मापाने. ब्राउन यांनी पीएचडीसाठी दाखवलं की डायबोरेन अल्डिहाइड आणि कीटोन यांचं झटपट क्षपण करून त्यांना अल्कोहोलकडे नेतो. पण इतक्या दुर्मिळ अभिकारकाचं करायचं काय, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

युद्धाने ते बदललं. युरेनियमची वाफ होईल असं संयुग सरकारला हवं होतं, आणि श्लेसिंजर-ब्राउन यांच्या गटाने युरेनियम बोरोहायड्राइड बनवलं. नंतर त्याची गरज उरली नाही. मग सैन्याच्या सिग्नल कोअरला जागच्या जागी हायड्रोजन देणारं रसायन हवं होतं, त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड पुढे आलं. मिश्रणातून ते वेगळं काढायला द्रावक शोधताना कुणीतरी ॲसिटोन वापरून पाहिलं, आणि जोरात क्रिया झाली. ॲसिटोनचं अल्कोहोल झालं होतं. आज कार्बनी रसायनाच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत हा पांढरा क्षार असतो.

बोरॉनच्या हायड्राइडांवर लढाऊ विमानं उडवण्याचं स्वप्नही अमेरिकेने पाहिलं. जळताना त्यांतून प्रचंड ऊर्जा मिळते. पण विषारीपणा, खर्च आणि इंजिनाच्या पात्यांवर साचणारा बोरिक ऑक्साइड यांच्यापुढे नाकी नऊ आले, आणि 1959 मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला.

पर्ड्यू विद्यापीठात स्थिरावलेल्या ब्राउन यांच्याकडे भारतातून आलेले डॉ. बी. सी. सुब्बाराव काम करत होते. सोडियम बोरोहायड्राइडला ॲल्युमिनियम क्लोराइडची जोड दिली की ते अधिक जोमदार होतं, आणि त्या मिश्रणाने एस्टरांचं क्षपण तपासायचं असं ते काम. प्रत्येक एस्टर रेणूमागे दोन हायड्राइड खर्च व्हायला हवेत. इथाइल स्टिअरेटने बरोबर दोन घेतले. इथाइल ओलिएटने घेतले 2.37. फरक किरकोळ. नमुन्यात काही अशुद्धता असेल म्हणून तो सोडून देणं सोपं होतं. ब्राउन यांनी सोडू दिला नाही. नमुना शुद्ध करून पुन्हा करा, म्हणाले. पुन्हा तेच. ओलिएटमध्ये आणि स्टिअरेटमध्ये एकच भेद होता, ओलिएटच्या साखळीत कार्बन-कार्बन दुहेरी बंध आहे. बोरॉन आणि हायड्रोजन त्या बंधावर जाऊन बसत होते. इलेक्ट्रॉनांसाठी भुकेला बोरॉन दुहेरी बंधाच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांकडे वळतो, कमी गर्दीच्या कार्बनला धरतो, आणि हायड्रोजन शेजारच्या कार्बनला देतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की बोरॉनच्या जागी ऑक्सिजन येतो आणि हवं तिथे अल्कोहोल मिळतं. 1956 मध्ये हायड्रोबोरेशनचा हा पहिला निबंध ब्राउन आणि सुब्बाराव या दोन नावांनी आला. 1979 मध्ये ब्राउन यांना नोबेल मिळालं.

ब्राउन यांचं ‘हायड्रोबोरेशन’ हे पुस्तक 1962 मध्ये निघालं. जपानमध्ये सापोरोच्या एका पुस्तकांच्या दुकानात होक्काइदो विद्यापीठातले तरुण प्राध्यापक अकिरा सुझुकी यांना ते काळ्या-लाल बांधणीचं पुस्तक दिसलं. त्यांनी ते घेतलं, वाचलं आणि 1963 मध्ये ते पर्ड्यूला ब्राउन यांच्याकडे गेले. परतल्यावर नोरियो मियाउरा यांच्यासह त्यांनी बोरॉन आणि पॅलेडियम वापरून कार्बनचे दोन तुकडे जोडण्याची रीत बसवली. ती 1979 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 2010 मध्ये तिला नोबेल मिळालं. रक्तदाबासाठी घराघरांत घेतल्या जाणाऱ्या लोसार्टनमधली दोन बेंझिन कडी कारखान्यात जोडायला ही रीत वापरली गेली आहे. गोळीत बोरॉन उरत नाही. जोडणी झाली की तो ऑक्सिजनला धरतो आणि बोरिक आम्लाच्या क्षाराच्या रूपात पाण्याबरोबर निघून जातो.